‘एरोस्पेस’ची पाटी आणि बंद पडलेले विंड टनेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की शिक्षणविषयक पुरवण्यांत ‘अवकाशाला गवसणी’ छापाचा मजकूर हमखास येतो. एरोस्पेस इंजिनिअरिंग, एअरक्राफ्ट मेंटेनन्स, वैमानिक प्रशिक्षण आणि इस्रो, सगळे एकाच चौकटीत आणि वर उडणाऱ्या रॉकेटचे चित्र. त्या चौकटीच्या भरवशावर घरोघरी ऑप्शन फॉर्म भरले जातात. विमाने, क्षेपणास्त्रे आणि उपग्रह यांच्या कामात असलेले आणि हे विषय शिकवणारे आम्ही काही जण आहोत. त्या चौकटीत काय गफलत होते, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र.

आधी आमचे मत सांगून टाकतो. आयआयटी, तिरुवनंतपुरमची आयआयएसटी (अवकाश विभागाची पदवी देणारी संस्था) किंवा देशातले मोजके जुने विभाग, यांत जागा मिळत असेल तर पदवीलाच एरोस्पेस जरूर घ्यावे. ती मिळत नसेल तर पाटीवर एरोस्पेस लिहिलेले कुठलेही कॉलेज शोधत फिरू नये. आवाक्यातल्या सर्वात चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावे आणि एरोस्पेस त्यावर स्वतः चढवावे. हे कसे करायचे, तेही पुढे लिहिले आहे.

पहिली गफलत नावांची. एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरिंग, म्हणजे एएमई, ही पदवी नाही. तो परवान्याचा रस्ता आहे. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याच्या सीएआर-६६ नियमांखाली परवाना मिळतो. बी-१.१ म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांची यांत्रिक बाजू, बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. मॉड्यूलवार परीक्षा असतात, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के लागतात, शिवाय हँगरमध्ये प्रत्यक्ष कामाचा अनुभव नोंदवावा लागतो. त्यानंतर अमुक जातीच्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विमानापुरता अधिकार. विमान दुरुस्त करून ‘उडण्यास योग्य’ म्हणून सही करणारा माणूस तो हाच. काम जबाबदारीचे आहे आणि त्याला मान आहे, पण यातून विमानाचा पंख डिझाइन करायला जाता येत नाही. आणि एरोस्पेसचा बी.टेक. झालेल्याला त्या पदवीवर हँगरमध्ये सही करता येत नाही. दोन्हींची सरमिसळ करून जागा विकणाऱ्या संस्था आहेत. ज्याला एएमई करायचे असेल त्याने संस्थेला सीएआर-१४७ ही प्रशिक्षण संस्थांची मान्यता आहे का आणि ती कोणत्या श्रेणीसाठी आहे, हे डीजीसीएच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. माहितीपत्रकातल्या शिक्क्यावर जाऊ नये. वैमानिकाचा रस्ता तर तिसराच. त्याला बारावीचे फिजिक्स-मॅथ्स, वैद्यकीय तपासणी आणि २०० तासांचे उड्डाण लागते, इंजिनिअरिंग लागत नाही.

आता नोकरीच्या जाहिराती वाचू. वाचायच्या त्या चौथ्या वर्षी नव्हे, प्रवेशाआधी. इस्रोच्या केंद्रीय भरतीतून ‘सायंटिस्ट/इंजिनिअर एससी’ या पदाची जी मुख्य जाहिरात निघते ती प्रामुख्याने तीन शाखांची असते: इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्स. अट ६५ टक्के किंवा दहापैकी ६.८४ सीजीपीएची, आणि पदवी अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या मुदतीत पूर्ण झालेली हवी. केटी राहून वर्ष लांबले तर पुढे कितीही हुशारी दाखवली तरी दार बंद. शाखांच्या त्या यादीत एरोस्पेस नाही याचा अनेकांना धक्का बसतो. कारण साधे आहे. अवकाशयानात टाक्या, झडपा, पाइप, बेअरिंग, उष्णतारोधक आवरणे, सर्किट बोर्ड, अँटेना आणि सॉफ्टवेअर यांचेच काम सर्वाधिक असते. मार्गक्रमण आणि वायुगतिकी सांभाळणारे लोक लागतात, पण तुलनेने थोडे आणि बहुधा एम.टेक. किंवा पीएच.डी. झालेले.

डीआरडीओचे चित्र थोडे वेगळे आहे. तिथे ‘सायंटिस्ट बी’ची निवड गेट या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून पुढे मुलाखतीला जाते आणि शाखांमध्ये एरोनॉटिकलही असते. जागांचा मोठा वाटा तिथेही इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरचाच. आयआयएसटीबद्दलही एक गैरसमज आहे. तिथला प्रवेश जेईई अॅडव्हान्स्डच्या रँकवर होतो, पण अर्ज वेगळा करावा लागतो. जोसाचा (आयआयटी-एनआयटीच्या सामायिक प्रवेशाचा) फॉर्म भरला म्हणजे आयआयएसटीचा भरला गेला असे समजून दरवर्षी काही मुले मुकतात. इस्रोतली नोकरीही हमखास नाही. त्या वर्षी जागा किती आणि तुमचा सीजीपीए किती, यावर ती ठरते.

मग मेकॅनिकलच्या मुलाला नेमके काय कमी पडते? चार गोष्टी: ध्वनीच्या वेगाच्या आसपासचे आणि त्यापुढचे वायुप्रवाह, पातळ पत्र्यांच्या रचनांचे बलशास्त्र, उड्डाणगतिकी आणि कक्षागतिकी. यातली दुसरी गोष्ट घरी पाहता येते. कॅलेंडर गुंडाळून येते तशी पुठ्ठ्याची नळी घ्या आणि दोन्ही टोके धरून पिळा. बिलकुल पिळवटत नाही. आता ब्लेडने तिला लांबीत एकच सरळ चीर द्या आणि पुन्हा पिळा. त्याच पुठ्ठ्याची, त्याच वजनाची नळी हातात लुळी पडते. नळीची त्रिज्या २० मि.मी. आणि जाडी १ मि.मी. धरली तर चीर दिल्यावर पिळाला होणारा विरोध सुमारे १२०० पटींनी घटतो. त्रिज्या भागिले जाडी याचा वर्ग करायचा आणि त्याला तीनने गुणायचे. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षात भरीव गोल शाफ्टचा पिळ शिकवतात, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. विमानाचे धड मात्र अशी पातळ नळीच असते आणि तिला दारे, खिडक्या, मालाचे झाकण पाडावेच लागते. प्रत्येक भोकाभोवती चौकट आणि जाड पत्रा का येतो, हे ‘शिअर फ्लो’, म्हणजे पातळ पत्र्यातून कातरबल कसे वाहते ते, शिकल्याशिवाय कळत नाही.

दुसरा फरक सुरक्षा गुणकाचा. साध्या यंत्रात तीन-चारचा गुणक लावून भाग जाड केला तर कोणी हरकत घेत नाही. विमानात प्रत्यक्ष येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भाराला रचना टिकली पाहिजे, एवढीच अट. त्याहून भक्कम केले तर वजन वाढते आणि ते वजन विमान आयुष्यभर वाहत राहते. दीडवर निभावायचे म्हणजे भार नेमका किती येणार, धातूचे गुणधर्म प्रत्येक खेपेला तेच आहेत का, भोक जागच्या जागी पडले का, या सगळ्याची खात्री हवी. एरोस्पेसची शिस्त म्हणतात ती हीच, आणि ती पदवीच्या नावातून येत नाही.

हे चार विषय भरून काढायला एनपीटीईएल, म्हणजे आयआयटींचे ऑनलाइन अभ्यासक्रम, पुरेसे आहे. नोंदणी मोफत असते, परीक्षेला शुल्क पडते. चौथ्या सत्रात मूलभूत वायुगतिकी, पाचव्यात उच्चवेगी प्रवाह, सहाव्यात रचना आणि उड्डाणगतिकी असा क्रम झेपतो. सगळे एकदम घेतले की पहिली घटक चाचणी आल्यावर सगळेच सुटतात. कॉलेजात मायनर किंवा ऑनर्सची सोय असेल तर त्याच अभ्यासाचे १८ ते २० अधिक श्रेयांक गुणपत्रिकेवर येतात, ते सोडू नयेत. गेटला तिसऱ्या वर्षापासून बसता येते आणि गुण तीन वर्षे चालतात. तिसऱ्या वर्षी मेकॅनिकलचा पेपर सरावासाठी द्यावा, चौथ्या वर्षी झेपल्यास एरोस्पेसचा जोडीने घ्यावा. एम.टेक.साठी बंगळुरूची आयआयएससी, आयआयटी, आणि पुण्यात गिरीनगरची डायट (संरक्षण तंत्रज्ञानाची संस्था) हे सगळे समोर आहे. एरोस्पेसच्या एम.टेक.ला मेकॅनिकलच्या गेट पेपरवर अर्ज करता येणारे विभाग कमी नाहीत. प्रत्येकाची पात्रता यादी तेवढी पाहावी.

अभ्यासाबरोबर एक वस्तू हाताने बनवावी. थर्माकोलचे हातभर ग्लायडर पुरते. त्याचा न्यूट्रल पॉइंट, म्हणजे गुरुत्वमध्य ज्याच्या मागे गेला की तोल सुटतो तो बिंदू, आधी कागदावर काढायचा, मग एक्सएफएलआर-५ या मोफत सॉफ्टवेअरवर पडताळायचा, आणि गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, पंखाच्या सरासरी रुंदीच्या ५ ते १५ टक्के राहील इतके नाकात वजन घालायचे. बहुतेक मुले ‘पंखाच्या पाव रुंदीवर’ हा कुठेतरी वाचलेला आकडा घेऊन मोकळी होतात. शेपूट मोठी असली तर न्यूट्रल पॉइंट मागे सरकलेला असतो, मग ग्लायडर नाक जड होऊन सरळ जमिनीत घुसते. उलट गुरुत्वमध्य न्यूट्रल पॉइंटच्या मागे गेला की सोडल्याबरोबर नाक वर करते, पंखावरचा प्रवाह सुटतो आणि पाठीवर आदळते. असे पाचदा आदळून सहाव्यांदा सरळ गेलेले ग्लायडर आणि त्याची आकडेमोड लिहिलेली वही मुलाखतीत जितकी उपयोगी पडते, तितकी अॅन्सिस या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधली लाल-निळी चित्रे पडत नाहीत. ती चित्रे दाखवणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, टोक कुठे बांधले होते. दुसरा, आकडेमोडीसाठी भागाचे तुकडे पाडणारी जाळी दुप्पट बारीक केल्यावर उत्तर किती बदलले. इथेच गाडी अडते.

इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरकडे ‘हे काही खरे एरोस्पेस नव्हे’ म्हणून पाहणाऱ्यांनी चांद्रयान-२ आठवावे. ७ सप्टेंबर २०१९ ला विक्रम लँडर चंद्रावर आदळला. इस्रोने पुढे सांगितलेली कारणे अशी: इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, त्यातून चुका साचत गेल्या, त्या सुधारायला यानाला झपाट्याने वळणे भाग होते पण वळण्याच्या वेगाला सॉफ्टवेअरची मर्यादा होती, आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर होती. चांद्रयान-३ साठी ती जागा ४ कि.मी. बाय २.५ कि.मी. केली, चुका पचवण्याची क्षमता वाढवली आणि २३ ऑगस्ट २०२३ ला यान उतरले. यातली मुख्य दुरुस्ती नियंत्रण, संवेदक आणि सॉफ्टवेअर यांतली. तेजस हे लढाऊ विमानही मुद्दाम अस्थिर बनवलेले आहे. संगणक सेकंदात अनेकदा पंखांवरची नियंत्रण पृष्ठे हलवतो म्हणून ते सरळ उडते. ज्याला हे आवडते त्याने इलेक्ट्रॉनिक्स घेऊन नियंत्रणप्रणालीचा विषय मनापासून करावा.

धातुशास्त्र आणि केमिकल यांची तर कोणी आठवणही काढत नाही. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात १३९ टन घन इंधन असते, २.८ मीटर व्यासाच्या मॅरेजिंग पोलादाच्या पिंपांत. अशी मोटर केसिंग इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला बनली आहेत, तर मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिने आणि क्रायोजेनिक इंजिनांचे भाग. मॅरेजिंग पोलाद सुमारे ४८० अंश सेल्सिअसला तासन्‌तास ठेवले की ताकद धरते. वेल्डिंगच्या सांध्यात बारीक तडा किंवा हवेचा बुडबुडा राहिला तर ते पिंप कामातून गेले. तो सांधा एक्स-रेत वाचणारा माणूस धातुशास्त्राचा किंवा वेल्डिंगचा असतो. इंधनाचे मिश्रण, त्यातली पोकळी, ते आवरणापासून सुटणे हे केमिकलवाल्याचे दुखणे. पुण्यात सुतारवाडीची एचईएमआरएल आणि पाषाणची एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळा ही या कामाची आपल्या अंगणातली ठिकाणे.

महाराष्ट्रात हे काम आहे कुठे, असेही विचारले जाते. ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ पासून आहे. तिथे मिग आणि सुखोई-३० बनली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या तेजस मार्क-१ए ने पहिले उड्डाण केले. नागपूरच्या मिहानमध्ये पूर्वी एअर इंडियाचे असलेले, आता एआय इंजिनिअरिंग सर्व्हिसेसचे देखभाल केंद्र आहे आणि फाल्कन विमानांचे भाग बनतात. शिवाय पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रावर भाग घडवणारे लहान कारखाने आहेत, त्यांना एएस-९१०० हे विमानउद्योगाचे गुणवत्ता प्रमाणपत्र लागते. इथे पहिल्या दिवशी हातात येते ते ड्रॉइंग. त्यावरची भौमितिक टॉलरन्सची, म्हणजे आकारात किती फरक चालेल हे सांगणारी, चिन्हे वाचता आली नाहीत तर पदवी कुठली, हे कोणी विचारतही नाही.

एका रिव्हेटचे उदाहरण देतो. रिव्हेट ४ मि.मी.चा असेल तर भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून निदान ८ मि.मी. आत हवा. ठोकण्याआधी रिव्हेट पलीकडे ६ मि.मी. डोकावला पाहिजे आणि ठोकल्यावर त्याचे डोके ६ मि.मी. रुंद, २ मि.मी. उंच झाले पाहिजे. दोन पत्रे एकत्र धरून भोक पाडले की मध्ये धातूची कुसळे अडकतात. पत्रे सुटे करून ती काढावीच लागतात. कंटाळा करून तसेच ठोकले तर पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहते, सांधा प्रत्येक उड्डाणात किंचित घासतो आणि भोकाच्या कडेला तडा सुरू होतो. १९८८ मध्ये हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत उडत्या विमानावरून उखडले. तिथे पत्र्यांच्या जोडातले चिकटद्रव्य सुटले होते, सगळा भार रिव्हेटांवर आला आणि ओळीने भोकाभोकाशी तडे गेले होते. चूक जोडणीतली असो वा देखभालीतली, तडा जायचा तो भोकापासूनच. उत्पादन आणि गुणवत्ता विभागातल्या नोकऱ्यांना ‘डिझाइन नाही’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ज्यांना खासगी कॉलेजात एरोस्पेसच घ्यायचे आहे त्यांनी फी भरण्याआधी आवारात जाऊन यावे, तेही ओपन डेला नव्हे, कामाच्या दिवशी. विंड टनेल, म्हणजे प्रतिकृतीवर वारा सोडून बल मोजायचा बोगदा, दाखवा म्हणावे. चाचणी कक्ष केवढा आहे, बल मोजणारा बॅलन्स बसवलेला आहे का, आणि लॉगबुकात शेवटची नोंद कधीची आहे, हे तीन प्रश्न पुरतात. नुसता पंखा फिरवून धूर दाखवत असतील आणि लिफ्ट-ड्रॅगचे आकडे वहीत नसतील तर ते टनेल पाहुण्यांसाठी आहे. वायुगतिकी आणि रचना शिकवणाऱ्यांपैकी स्वतः त्या विषयात एम.टेक. किंवा पीएच.डी. किती, हे विचारावे. एनबीएचे (अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या मंडळाचे) मानांकन या शाखेला आहे की कॉलेजातल्या दुसऱ्याच शाखेला, हेही. आणि ‘प्लेसमेंट’च्या यादीत आयटी कंपन्या किती ते मोजावे. त्या नोकऱ्या वाईट नाहीत, पण त्यांच्यासाठी एरोस्पेसची फी भरायची गरज नव्हती.

उलट बाजूचे उदाहरण पुण्याचेच. २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ मधून ‘स्वयम्’ हा उपग्रह गेला. दहा सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा, वजन सुमारे एक किलो, बनवणारे सीओईपीचे विद्यार्थी. कॉलेजात एरोस्पेसची शाखा नसताना. उपग्रहाची दिशा राखायला त्यांनी मोटार किंवा फिरते चाक वापरले नाही. होकायंत्राच्या सुईसारखा तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून राहील अशी चुंबकाची योजना केली. वीज लागत नाही, बिघडायला काही नाही. असा गट ज्या कॉलेजात चालू आहे, मग तो उपग्रहाचा असो, एसएई इंडियाच्या विमान स्पर्धेचा असो वा ड्रोनचा, तिथल्या मेकॅनिकलची जागा नुसत्या पाटीपेक्षा मोलाची.

परदेशाचे एक. अमेरिकेत एरोस्पेसचे एम.एस. करता येते, पण तिथल्या संरक्षण आणि रॉकेट कंपन्यांची बरीच कामे आयटीएआर या निर्यात नियंत्रणाच्या नियमात येतात आणि ती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच मिळतात. नासाच्या थेट नोकऱ्या तर नागरिकांसाठीच. विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा शिकतो एरोस्पेस आणि नोकरी शोधतो वाहनउद्योगात किंवा सॉफ्टवेअरमध्ये. कर्ज काढण्याआधी हे घरात बोलून घ्यावे. मेकॅनिकल किंवा नियंत्रण विषयातले एम.एस. तिथे अधिक दारे उघडी ठेवते.

डिप्लोमावाल्यांनाही हा रस्ता बंद नाही. थेट द्वितीय वर्षाला प्रवेश आहेच, शिवाय इस्रोत ‘टेक्निकल असिस्टंट’ पदाला प्रथम श्रेणीतला डिप्लोमा आणि ‘टेक्निशियन बी’ला दहावी व आयटीआय चालते. उपग्रहाची प्रत्यक्ष जोडणी करणारे हात बरेचसे याच लोकांचे असतात.

शेवटी ऑप्शन फॉर्म. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्या संपल्या. म्हणून पहिल्या ओळीत हौसेने ‘एरोस्पेस, बघू मिळतेय का’ असे लिहू नये. कट-ऑफ खाली असलेल्या कॉलेजात ती हमखास मिळते आणि मग सुटका नाही. पुढच्या फेऱ्यांत कितव्या पसंतीपर्यंत जागा बांधील राहते, हा नियम सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावा, मागच्या वर्षीच्या दादा-ताईला विचारून नव्हे.

आपल्या पुरवणीला एक विनंती. पुढच्या जूनमध्ये ती चौकट छापाल तेव्हा एएमई, वैमानिक आणि बी.टेक. यांचे तीन रकाने वेगळे करा, आणि बी.टेक.च्या रकान्यात इस्रो व डीआरडीओच्या ताज्या जाहिरातींतली पात्रतेची ओळ जशीच्या तशी द्या. रॉकेटचे चित्र थोडे लहान केले की तेवढी जागा निघेल.

आपले,
विमान व अवकाश क्षेत्रातील काही अभियंते आणि अध्यापक,
पुणे व नाशिक